बंद पडणं आणि बंद करणं : संगणकापासून गिरणगावापर्यंत



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं संगणकाच्या बिघाडावर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की एखादी व्यवस्था स्वतःची चूक कशी ओळखते, आणि ओळखल्यावर थांबते की रेटत राहते, हा आमच्याच शास्त्रातला जुना प्रश्न आहे. संगणकवाल्यांना तो गेली साठ-सत्तर वर्षं रोज सोडवावा लागतो, आणि त्यांनी तो कसा सोडवला याचा इतिहास आपल्याला बरंच काही शिकवतो. तो सांगताना मी वारंवार लालबाग-परळकडे येणार आहे. ते ओढूनताणून नाही, हे शेवटी पटेल अशी आशा आहे.

सुरुवात एका सोमवारपासून करतो. १२ ऑक्टोबर २०२०. सकाळचे दहा वाजले असतील. मी गिरगावात घरी संगणकावर टिपण लिहीत होतो आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला. खाली चाळीच्या चौकातून आवाज आला, "तुमच्याकडे आहे का हो?" कुणाकडेच नव्हती. जवळजवळ सगळ्या मुंबईत वीज गेली होती. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाचा काळ, त्यामुळे गाड्यांतून फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं. ती रुळांवरून चालत निघाली. विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. रुग्णालयं जनरेटरवर गेली. दोन-अडीच तासांनी शहराच्या बऱ्याच भागात दिवे आले, काही उपनगरांत त्याहून उशिरा.

वीज आल्यावर मी संगणक सुरू केला. त्यानं आधी सांगितलं, की मागच्या वेळी तू मला नीट बंद केलं नव्हतंस. मग फाइल काढून दिली. शेवटचे दोन परिच्छेद गेले होते, बाकी सगळं शाबूत. मी चिडलो, आणि मग विचार केला, की दोनच परिच्छेद कसे गेले? सगळं का नाही गेलं? ज्याची वीज अचानक तोडली, त्याला आपण कुठवर आलो होतो हे आठवलं कसं?

या "कसं"मध्ये आजचा विषय आहे.

थोडं मागे जाऊ. संगणक नव्हते तेव्हाही मुंबईत चूक झाली की आपण होऊन थांबणारी यंत्रं हजारोंनी होती. गिरणीतला साचा, म्हणजे यंत्रमाग. लँकेशायर पद्धतीच्या सत्रात उभे धागे ताणलेले, आणि त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. आडवा धागा तुटला किंवा संपला तर? धोटा रिकामाच धावत राहील आणि कापडात नुसती भगदाडं पडतील. म्हणून साच्याच्या एका बाजूला लहानसा काटा बसवलेला असे. धागा जागेवर असला की तो काट्याला ढकलतो आणि काटा झुकतो. धागा नसला की काटा झुकत नाही, त्याचा आकडा एका दांड्यात अडकतो, पट्टा फिरत्या चाकावरून मोकळ्या चाकावर सरकतो आणि साचा उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही युक्ती प्रचारात होती.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, काट्याला धागा का तुटला हे कळत नाही. आता जे होईल ते खराब होईल, एवढंच त्याला कळतं. दुसरी, थांबण्याला किंमत आहे. साचा थांबला की उत्पादन थांबलं, आणि विणकराची मजुरी उत्पादनावर. पण न थांबण्याची किंमत आणखी मोठी, कारण खराब कापडाचा भुर्दंड विणकराच्याच पगारातून कापण्याची पद्धत होती. तेव्हा थांबायचं की रेटायचं, हा प्रश्न आपल्याकडे संगणकाबरोबर आलेला नाही.

आता संगणकाकडे. आपल्या देशातला पहिला घडवलेला मोठा संगणक मुंबईचाच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. १९६० साली तो कामाला लागला, आणि १९६२ साली कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं : टिफरॅक. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती किती, तर ४० बिटांचे २,०४८ शब्द. आज खिशातल्या फोनमध्ये याच्या लाखो पट स्मृती असते.

त्या काळच्या यंत्रावर, आज आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती नव्हती. बिघाड ओळखणारा माणूस, थांबवणारा माणूस, पुन्हा सुरू करणाराही माणूसच. नळी जळाली की शोधायची, बदलायची, पुन्हा पहिल्यापासून.

१९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकेत बनलेलं यंत्र आलं. आता अनेक संस्थांची कामं एकामागून एक यंत्रात जाऊ लागली. माझ्या कार्यक्रमात चूक आहे म्हणून तुमचं काम का अडावं? मग यंत्रातच एक देखरेख करणारा कार्यक्रम कायमचा बसला. तो चुकणाऱ्याला बाहेर काढतो आणि पुढच्याला आत घेतो. ही झाली ऑपरेटिंग सिस्टिम.

इथे बिघाडाचे दोन प्रकार वेगळे झाले, आणि हा फरक समजला की पुढचं सोपं आहे. चाळीतलं उदाहरण घ्या. एका खोलीत इस्त्रीमुळे शॉर्टसर्किट झालं तर त्या खोलीचा फ्यूज उडतो. शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ चालूच राहतो. पण बिघाड जिन्याखालच्या मेन बोर्डातच झाला तर? मग कुणा एकाला वेगळं काढून भागत नाही. संगणकात तुमचं-माझं काम म्हणजे खोली, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो मेन बोर्ड. खोलीतल्याला मेन बोर्डाला हात लावायची परवानगी नाही. ही बंदी यंत्राच्या जडणघडणीतच घातलेली असते. म्हणून एखादा कार्यक्रम कोसळतो तेव्हा "हे बंद पडलं आहे" अशी चौकट येते आणि बाकीचं चालू राहतं. पण कर्नेललाच आपल्या तक्त्यात विसंगती सापडली, तर त्याच्यावर देखरेख कोण करणार?

इथे साठच्या दशकात दोन मतं झाली. अमेरिकेत एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स नावाची भव्य प्रणाली आखली. वीज किंवा दूरध्वनी यांच्यासारखी ती अखंड चालावी, ही कल्पना. म्हणून तीत प्रत्येक चुकीतून सावरण्याची तजवीज. १९६९ साली बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची लहान प्रणाली रचायला घेतली. मल्टिक्सवर काम करणारे टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी एक आठवण सांगितली आहे. ते रिचींना म्हणाले, की मी लिहितो त्यातला निम्मा भाग तरी चुका सावरण्याचा असतो. रिचींचं उत्तर असं, की आम्ही ते सगळं गाळलं आहे. चूक झाली की "पॅनिक" नावाचा एक लहान भाग चालतो, यंत्र कोसळतं, आणि आम्ही पुढच्या खोलीतल्याला हाक मारून सांगतो, की पुन्हा सुरू कर.

हसू येतं, पण यात आळस नाही. साच्यातल्या काट्याचाच हा विचार. ज्या गाभ्याला स्वतःचेच तक्ते चुकलेले दिसताहेत, त्यानं दुरुस्ती करायला जाणं धोक्याचं, कारण दुरुस्ती तो त्याच चुकलेल्या तक्त्यांच्या आधारे करणार. आणि डिस्कवर चुकीचं लिहून ठेवलं, तर आजची चूक उद्याचीही होते.

विंडोजची निळी पाटी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ती दिसली की आपण म्हणतो, "मेला कॉम्प्युटर." खरं तर ती शुद्धीवर राहून थांबण्याची खूण आहे. त्या क्षणी गाभा बाकीची सगळी कामं अडवतो, स्मृतीत जे होतं त्याची नक्कल डिस्कवर आधीच ठरवून ठेवलेल्या जागी उतरवतो, कारणाचा सांकेतिक क्रमांक दाखवतो आणि मग यंत्र पुन्हा सुरू करतो. नक्कल उतरवताना तो नेहमीच्या फाइल-व्यवस्थेवर विसंबत नाही, कारण तीच बिघडलेली असू शकते. लिनक्समध्ये याच्याही पुढची सोय आहे. एक दुसरा लहान गाभा स्मृतीच्या राखीव कोपऱ्यात झोपवून ठेवता येतो. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याचा पंचनामा करतो.

आता माझ्या शास्त्राकडे येतो, दोनच मिनिटं. आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा एक मोठा वाद आहे. ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः असतं. ज्ञान झालं की ते खरंच धरायचं. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो, पुढे काहीतरी बाधक समोर आल्यावर. नैयायिक म्हणतात, छे, खरेपणा आणि खोटेपणा दोन्ही बाहेरूनच ठरतात, कारण त्या ज्ञानानुसार वागल्यावर फळ मिळतं की नाही हे पाहावं लागतं.

संगणक कुणाच्या बाजूचा? माझ्या मते दोघांच्याही. रोजचं काम करताना गाभा मीमांसकासारखा वागतो. प्रत्येक पावलाला स्वतःवर शंका घेतली तर काहीच होणार नाही. बाधक दिसेपर्यंत सगळं खरं. पण बाधक दिसण्याची शक्तीच गेली तर? समजा, गाभा कुठेतरी गोल गोल फिरत अडकला. मग त्याला आपण अडकलो आहोत हेही कळत नाही. म्हणून अनेक यंत्रांत एक स्वतंत्र घड्याळ बसवतात, त्याला वॉचडॉग म्हणतात. गाभ्यानं दर काही सेकंदांनी त्याला "मी आहे" असं कळवायचं. ठरल्या वेळात कळवलं नाही, तर घड्याळ काही न विचारता यंत्र पुन्हा सुरू करतं. हे नैयायिकाचं काम. आपलं प्रामाण्य दुसऱ्याच्या हाती ठेवलेलं.

बरं, हे झालं आपण होऊन थांबण्याचं. पण १२ ऑक्टोबरला माझ्या संगणकानं काही ठरवलं नव्हतं. त्याची वीजच गेली. पॅनिकची पाटी दाखवायलाही अवसर नाही. मग माझं टिपण कसं वाचलं?

इथे मूळजी जेठा मार्केटमधल्या कापडाच्या पेढीकडे चला. जुन्या पद्धतीत दोन वह्या असत, कीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, ज्या क्रमानं झाला त्या क्रमानं, एक ओळ. मग सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. समजा, खतावणी लिहिता लिहिता दिवा गेला. एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायचे राहिले. घाबरायचं कारण नाही. सकाळी कीर्द उघडायची, शेवटच्या नोंदी पाहायच्या आणि खतावणी पुरी करायची. आणि कीर्दीतलीच ओळ अर्धवट राहिली असेल तर तो व्यवहार झालाच नाही असं धरायचं.

संगणकाची फाइल-व्यवस्था आज अगदी हेच करते. इंग्रजीतही तिला "जर्नल" म्हणतात, म्हणजे कीर्दच. आधी काय करणार आहोत ते लिहायचं, मग करायचं. पूर्वी असं नव्हतं. वीज जाऊन आली की यंत्र सगळी डिस्क पहिल्यापासून तपासत बसायचं, आणि डिस्का मोठ्या झाल्या तशी ही तपासणी तास तास चालायची. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या फाइल-व्यवस्थेत कीर्द होती. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत ती २००१ साली आली. त्यानंतर वीज गेल्यावर शेवटची काही पानं पाहिली की भागतं. एक मर्यादा सांगायला हवी. ही कीर्द मुख्यतः डिस्कची मांडणी सांभाळते. मजकुराची काळजी लिहिण्याच्या कार्यक्रमाला वेगळी घ्यावी लागते, आणि तो दर काही मिनिटांनी आपली नक्कल ठेवतो. माझे दोन परिच्छेद गेले ते दोन नकलांच्या मधले.

आणि वीज आहे, पण आपल्याला यंत्र बंद करायचं आहे, तेव्हा? युनिक्सच्या घराण्यात आधी प्रत्येक कार्यक्रमाला एक नम्र संदेश जातो, की आवरा. कार्यक्रम आपल्या फाइली मिटतो, निरोप घेतो. ठरावीक वेळ थांबूनही जो आवरत नाही त्याला दुसरा संदेश जातो, आणि तो कुणालाही नाकारता येत नाही. आधी नोटीस, मग मुदत, मग सक्ती. आणि अगदीच काही चालेनासं झालं तर बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, मग विजेचाच पुरवठा तुटतो. तो शेवटचा उपाय. ज्याला पहिल्या दोन पायऱ्या ठाऊक आहेत त्यानंच तो करावा.

आता मोठ्या व्यवस्थेकडे जाऊ. ती म्हणजे मुंबईची वीज.

१९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटावरच्या तलावांतलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची. १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. भिऱ्याला पाणी कुठलं, तर मुळशीचं. त्या धरणात गावं बुडणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला, आणि त्याचे नेते सेनापती बापट. आज माहीम-दादरपासून लोअर परळपर्यंत रुळांच्या कडेनं जो रस्ता गिरण्यांच्या भिंतींना लागून जातो, त्याचं नाव काय? सेनापती बापट मार्ग. ज्या धरणाच्या विजेवर गिरण्या चालायच्या त्या धरणाला विरोध करणाऱ्याचं नाव गिरण्यांच्या रस्त्याला! हे लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

पुढे मुंबई राज्याच्या आणि देशाच्या जाळ्याशी जोडली गेली. जोडण्याचा फायदा, की एकाचं कमी पडलं तर दुसरा देतो. तोटा, की एकाचा बिघाड दुसऱ्याच्या दारात येतो. जाळ्याची प्रकृती कळते ती वारंवारितेवरून. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं असायला हवी. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती खाली येते. म्हणून १९८१ पासून मुंबईसाठी एक व्यवस्था आहे, तिला "आयलंडिंग" म्हणतात. बाहेरचं जाळं कोसळायला लागलं की मुंबईनं आपोआप त्यापासून सुटायचं, आपलं बेट करायचं, आणि आतल्या निर्मितीवर जेवढं चालेल तेवढं चालवायचं. चाळीच्या फ्यूजचाच हा मोठा अवतार, फक्त इथे चाळ खराब झाली तर खोली वाचवायची आहे. आणि बेटातही सगळ्यांना पुरत नसेल तर काही भागांची वीज क्रमानं तोडायची.

संगणकात हाच प्रकार १९६९ साली जगानं पाहिला. अपोलो ११ चंद्रावर उतरताना यानातल्या संगणकावर कामाचा ताण वाढला आणि धोक्याचे इशारे येऊ लागले. पण त्याची रचनाच अशी होती, की ताण असह्य झाला की पुन्हा सुरू व्हायचं आणि फक्त महत्त्वाची कामं उचलायची. उतरण्याचं गणित त्यानं सोडलं नाही. यान उतरलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत काय झालं? कळवा, पडघे, खारघर या भागांतून शहरात येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांपैकी काही बंद झाल्या होत्या. उरलेल्यांवर भार वाढला आणि त्याही सुटल्या. बेट झालं, पण आत निर्मिती कमी आणि मागणी जास्त. तो मेळ वेळेत बसला नाही आणि बेटही बुडालं. नंतर वाद झाला. २०२१च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं सायबर हल्ल्याची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. मी कुणाची बाजू घेत नाही. एवढंच म्हणतो, की कोसळण्याच्या आधीच्या क्षणांची नोंद सगळ्यांना मान्य होईल अशी नसेल, तर नंतर मतंच उरतात.

चार महिन्यांनी दुसरा प्रसंग. २४ फेब्रुवारी २०२१, राष्ट्रीय शेअर बाजार, वांद्रे-कुर्ला संकुल. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवले गेले. दूरसंचार जोडण्यांतल्या बिघाडातून पुढे जोखीम तपासणारी यंत्रणाच उपलब्ध होईना. लक्षात घ्या, खरेदी-विक्री करणारं यंत्र चालू होतं. ती खरेदी-विक्री झेपण्याजोगी आहे का, हे पाहणारा काटा गेला होता. तेव्हा थांबणं बरोबरच. काट्याशिवाय साचा चालवायचा नसतो. पण व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. मग सेबीनं पुढच्याच महिन्यात नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात तशी घोषणा करा, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा. म्हणजे नुसतं थांबता येणं पुरेसं नाही. उठायचं कधी आणि कसं, हेही आधीच ठरलेलं हवं.

ते ठरलेलं नसेल तर काय होतं, हे १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पाटीवर गेली. हे सुरक्षेचं काम कर्नेलच्या आत बसलेलं होतं. मेन बोर्डातच परक्याची तार. यंत्र थांबलं, ते बरोबर. पुन्हा सुरू झालं, तीच फाइल वाचली, पुन्हा थांबलं. बहुतेक यंत्रांजवळ माणसानं जाऊन ती फाइल हातानं काढावी लागली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. कागद आणि पेन हे त्या दिवसाचं आयलंडिंग.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला.

ताण आला की कमी महत्त्वाचं काम सोडायचं, हा नियम संगणकात निरुपद्रवी आहे. सोडलेल्या कामाला दुःख होत नाही. पण व्यवस्था माणसांची असली की प्राधान्याची यादी कोण करतो, हा प्रश्न उभा राहतो. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसलं, तेव्हा मुंबई बहुतांशी उजळलेली होती. मुळशीची गावं एका अर्थानं त्या यादीत शेवटी होती. बेट वाचतं तेव्हा बेटाबाहेर कोण राहिलं, हे विचारायला हवं. सेनापती बापट मार्गावरून जाताना तरी.

आणि या यादीत पुढे गिरणगावच आलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. साचे थांबले. आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या अर्धवट सुरू झाल्या, काही कधीच नाही. नोटीस, मुदत, आवराआवर, हिशेब, यातलं फारसं काही न होता विजेची तार तोडावी तसं लाखो घरांचं चालू जगणं तोडलं गेलं. कापड खराब होऊ नये म्हणून साच्याला काटा होता. कामगारासाठी असा काटा कुणी बसवला नव्हता.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर घरं देण्याची योजना आली. म्हाडाची गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत २०१२ साली निघाली. लाखाहून अधिक अर्ज, आणि घरं काही हजार. पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता तो. पुरावा काय? तिकीट नंबर, हजेरीचा पास, भविष्य निर्वाह निधीची पावती, ईएसआयचं कार्ड. तीस वर्षांनंतर! बऱ्याच गिरण्या उरल्या नव्हत्या, आणि असल्या तरी दप्तरं धड नव्हती. पण पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत हे कागद कामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी जपून ठेवले होते. कोकणात, घाटावर, जिथे गेले तिथे बरोबर नेले होते. गिरणीनं न ठेवलेली कीर्द त्यांनी ठेवली. तिच्यावरून "हा माणूस इथे होता" एवढी स्थिती तरी पुन्हा उभी करता आली. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांचा व्यवहार झालाच नाही असं धरलं गेलं. मघाशी पेढीच्या संदर्भात मी हेच वाक्य किती सहज म्हणून गेलो, पाहा.

तेव्हा कुठलीही व्यवस्था समोर आली, बँक असो, विद्यापीठ असो, सोसायटी असो, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. चूक झाली हे सांगणारा काटा हिच्यात कुठे आहे? थांबायची वेळ आली तर आधी कुणाला तोडणार, आणि ते कुणी ठरवलं? आणि कीर्द कोण लिहितंय? तिसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर ती आपणच लिहायला लागावं. वहीत, कागदावर, कशावरही.

इथे थांबतो. वेळ आहे, तेव्हा प्रश्न जरूर विचारा. इथे कुणी गिरणीत काम केलेलं असेल, तर साच्याबद्दल माझं काही चुकलं असल्यास सांगा, मला ते ऐकायला आवडेल.